मोबदला घराचा मिळतो, गावाचा नाही

कोयना धरणासाठी साठ वर्षांपूर्वी पाटण, जावळी भागातली गावं शिवसागर जलाशयाखाली गेली. माणसं सोलापूर, सांगलीपर्यंत विखुरली. पर्यायी जमिनीसाठी त्यांची आंदोलनं अजून संपलेली नाहीत.

पण सवाल फक्त जमिनीचा आहे का? घराची, झाडांची किंमत सरकार ठरवतं. देवळाचा पार, मशिदीचं अंगण, वाडवडिलांच्या कबरी यांचा हिशेब कुठल्या कागदावर मांडायचा? राज्याचा पुनर्वसन कायदा आला 1976 मध्ये, तोवर धरण भरून गेलं होतं.

आज नव्या वसाहतीत आधी प्लॉट पडतात, कब्रस्तान-स्मशानासाठी नंतर अर्ज करत फिरावं लागतं. हा क्रम उलटा व्हायला हवा. जिथं आपली मयत दफन करायला हक्काची जागा नाही, ते गाव माणसाला आपलं कसं वाटेल?