चाळीसगावचा टांगा आणि खानदेशातले स्टार्टअप

१९२९ साली मुंबई सरकारने अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांची चौकशी करण्यासाठी एक समिती नेमली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिचे सदस्य होते आणि त्या कामासाठी ते खानदेशात आले होते. धुळे लाईनवरच्या एका गावातील सामाजिक बहिष्काराची चौकशी करून ते चाळीसगाव स्टेशनावर परतले. तिथल्या आपल्या लोकांनी एक रात्र मुक्कामाचा आग्रह धरला होता. पण स्टेशनावरचा एकही टांगेवाला त्यांना न्यायला तयार होईना. बॅरिस्टर असला म्हणून काय झाले? अस्पृश्याला बसवून टांगा हाकणे त्यांना कमीपणाचे वाटत होते. इकडे बाबासाहेबांनी पायी यावे हे वस्तीला मानवेना. शेवटी तोड निघाली. टांगा भाड्याने मिळेल, हाकणारा तुमचा तुम्ही आणा. ज्याला टांगा हाकता येत नव्हता असा आपल्यातलाच एक जण पुढे बसला. नदीवरच्या फरशीवर चाक अडकले, बाबासाहेब दगडांवर फेकले गेले आणि पायाचे हाड मोडले. घोडा आणि टांगा नदीत कोसळला. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आठवणींत त्यांनी हे स्वतः लिहून ठेवले आहे.

हा प्रसंग आमच्या वाचकांना पाठ आहे. तरी तो आज काढण्याचे कारण असे की, सरकारच्या उद्योजकता योजनांकडे पाहिले की आम्हाला चाळीसगावचा तो टांगा आठवतो. टांगा देण्याची तयारी आहे, पण हाकायला शिकवण्याची जबाबदारी कोणाची, यावर सगळे गप्प आहेत.

‘स्टँड-अप इंडिया’ ही योजना एप्रिल २०१६ मध्ये सुरू झाली. प्रत्येक बँक शाखेने किमान एका अनुसूचित जाती किंवा जमातीच्या व्यक्तीला आणि एका महिलेला १० लाख ते १ कोटी रुपयांचे कर्ज द्यावे, असा तिचा नियम. देशात तेव्हा सव्वा लाखाच्या आसपास शाखा मोजल्या गेल्या. नोव्हेंबर २०२४ पर्यंतचे सरकारचेच आकडे पाहा. अनुसूचित जातींची खाती ४६,२४८ आणि जमातींची १५,२२८. दोन्ही मिळून ६१,४७६. म्हणजे साडेआठ वर्षांत सरासरी दोन शाखांमागे एक माणूस! मार्च २०२५ मध्ये योजनेची मुदतही संपली. बँकवाले म्हणतात, योग्य अर्ज येत नाहीत. आमचे तरुण म्हणतात, मॅनेजर उभे करत नाही. दोघांचेही थोडे थोडे खरे असेल. पण अर्ज योग्य कसा करायचा, प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये काय लिहायचे, पहिले गिऱ्हाईक कुठून आणायचे, हे शिकवणारा माणूस मध्ये कोणी नव्हताच.

हा मधला माणूस म्हणजेच आजच्या भाषेत इन्क्युबेटर आणि अ‍ॅक्सिलरेटर. इन्क्युबेटर नव्या कल्पनेला जागा, यंत्रे आणि वेळ देतो. अ‍ॅक्सिलरेटर काही महिन्यांच्या ठरलेल्या मुदतीत होतकरू उद्योजकांची तुकडी घेतो, हिशेब शिकवतो, जाणकार गाठून देतो आणि शेवटी गुंतवणूकदारांसमोर उभे करतो. कंपनी कायद्याच्या कलम ८ खाली अशी संस्था ना नफा तत्त्वावर चालवता येते. जळगावच्या उत्तर महाराष्ट्र विद्यापीठात, म्हणजे आताच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी विद्यापीठात, असे इन्क्युबेशन केंद्र उभे राहिले आहे. त्याचे आम्ही स्वागतच करतो. पुण्या-मुंबईला न जाता जळगाव, धुळ्याच्या पोराला आपल्याच जिल्ह्यात दार उघडत असेल तर वाईट वाटण्याचे कारण नाही.

मात्र त्या दारातून आत कोण जातो हा आमचा प्रश्न आहे, आणि तो पैशाशी बांधलेला आहे. केंद्राने ३० सप्टेंबर २०२० रोजी ‘आंबेडकर सोशल इनोव्हेशन अँड इन्क्युबेशन मिशन’ सुरू केले. अनुसूचित जातीच्या तरुणाच्या कल्पनेला तीन वर्षांत ३० लाख रुपये, तेही कर्ज म्हणून नव्हे तर भागभांडवल म्हणून. तारण नाही, जामीन नाही. पण निवड होणार ती इन्क्युबेशन केंद्रांमध्ये काम करणाऱ्यांतून. म्हणजे केंद्रात प्रवेश नसेल तर बाबासाहेबांच्या नावाचा हा पैसा आपल्याला दिसणारसुद्धा नाही.

खानदेशात धंदा नवा नाही. अमळनेरला १९४५ साली वनस्पती तेलाचा कारखाना निघाला, त्याचीच पुढे विप्रो झाली. जळगावची डाळ, सोने, ठिबकच्या नळ्या, रावेर-यावलची केळी, धुळ्याचे यंत्रमाग ही सगळी नावे देशभर माहीत आहेत. पण व्यापारी घरातल्या मुलाला बँकेच्या आधी काका-मामा माल उधारीवर देतात. पहिली ऑर्डर लग्नाच्या पंगतीत मिळते. पहिला तोटा घरचे लोक गिळतात. आमच्या मुलाचे काका-मामा केळीचे घड वाहतात. त्याला माल रोखीने आणि ऑर्डर ओळखीशिवाय मिळवायची असते. तोटा आला की थेट आईच्या गळ्यातली पोत जाते. अ‍ॅक्सिलरेटरला या मुलाचे काका-मामा व्हावे लागेल. इंग्रजीत पाच मिनिटे बोलण्याची स्पर्धा भरवून ते होणार नाही.

पहिली ऑर्डर म्हणालो, ती जवळच आहे. केंद्राच्या २०१२ च्या खरेदी धोरणानुसार केंद्रीय खाती आणि सार्वजनिक कंपन्यांनी वर्षाच्या खरेदीतील ४ टक्के माल अनुसूचित जाती-जमातींच्या लघुउद्योजकांकडून घ्यायचा आहे. जळगाव जिल्ह्यातच वरणगाव आणि भुसावळ येथे आयुध निर्माणी आहेत, शिवाय भुसावळला रेल्वेचे विभागीय कार्यालय. भुसावळच्या वस्त्यांतून आयटीआय केलेली किती मुले या भिंतींबाहेर बसून आहेत? त्यांना विक्रेता म्हणून नोंदणी करून देणे, नमुना तपासून घेणे, बिल निघेपर्यंत तग धरायला खेळते भांडवल देणे, एवढे एक काम जरी एखाद्या संस्थेने नेटाने केले तरी पुरे.

नागरी नवकल्पना हाही या संस्थांचा आवडता शब्द. शहराच्या अडचणींवर नवे उपाय. ठीक आहे, मग गटारापासून सुरुवात करू. हाताने मैला साफ करून घेण्यास बंदी घालणारा कायदा २०१३ साली झाला. त्यानंतरही गटारांत माणसे मेली, आणि ती कोणत्या जातीची होती हे सांगायला नको. केरळात काही इंजिनिअर मुलांनी मॅनहोल साफ करणारे ‘बँडिकूट’ नावाचे यंत्र बनवले. तिथल्या स्टार्टअप मिशनने आणि जल प्राधिकरणाने त्यांना हात दिला आणि २०१८ मध्ये तिरुवनंतपुरमला ते कामाला लागले. आमच्या राज्यातही त्याच वर्षीपासून स्टार्टअप सप्ताह भरू लागला आणि निवडलेल्या २४ स्टार्टअपांना सरकारी खात्यांकडून १५ लाखांपर्यंतचे कार्यादेश देण्याची पद्धत पडली. मग जळगाव आणि धुळे या २००३ साली झालेल्या दोन महापालिकांना हे का जमू नये? वर्षाला चार-पाच छोटी कामे, गटार, कचरा, नळपाणी. निविदेत तीन वर्षांच्या उलाढालीची अट नको. आणि परीक्षकांच्या टेबलावर ज्याने वीस वर्षे त्या गटारात उतरून काम केले तो सफाई कामगारही बसलेला हवा. यंत्र कुठे अडकेल हे त्याच्याइतके कोणत्या प्राध्यापकाला कळणार?

आणखी एक गोष्ट. या संस्थांनी दरवर्षी आपल्या तुकड्यांची यादी जाहीर करावी. किती अर्ज आले, किती घेतले, त्यांत अनुसूचित जातींचे किती, आदिवासी, भटके, मुस्लिम विणकर किती, मुली किती. सार्वजनिक पैशावर चालणाऱ्या संस्थेला हे विचारणे म्हणजे जातीयवाद नव्हे.

३१ जुलै १९३७ रोजी बाबासाहेब एका खटल्यासाठी धुळ्याला आले तेव्हा लळिंगच्या लांडोर बंगल्यात उतरले होते. त्या आठवणीत दरवर्षी ३१ जुलैला तिथे भीमस्मृती यात्रा भरते. खानदेशभरातून माणसे येतात, त्यांत कामाच्या शोधातली शिकलेली पोरेही असतात. इन्क्युबेशन केंद्रांनी येत्या ३१ जुलैला आपले अर्ज घेऊन लळिंगच्या पायथ्याशी एक टेबल मांडावे. टेबलावर बसवलेल्या माणसाला अहिराणी समजत असली म्हणजे झाले.