वाळवंटातले माहेर

मोटारीच्या मागच्या सीटवर, दोन उशांच्या मध्ये, एक जुनी काचेची बरणी ठेवलेली होती. झाकण गंजलेले. आत मातीच्या भांड्यांची तीस-चाळीस खापरे, पांढऱ्यावर काळ्या रेघांची नक्षी असलेली. अमेरिकेतील सॉल्ट लेक सिटी सोडताना नवऱ्याने विचारले होते, "ही कशाला बरोबर?"

"जिथून आली तिथे सोडून येणार आहे," बायको म्हणाली. "मुलांना नको आहेत आणि कचऱ्यात टाकायला मन होत नाही."

दोघेही आता निवृत्त. तो शाळेत इतिहास शिकवत असे, ती रुग्णालयात परिचारिका होती. चाळीस वर्षांच्या संसारात नवऱ्याने बायकोच्या पूर्वजांच्या कथा इतक्या वेळा ऐकल्या होत्या की त्याला त्या पाठ होत्या. पण ते गाव, ती वाट त्याने कधी पाहिली नव्हती. युटा राज्याच्या आग्नेय टोकाला, वाळवंटातल्या सान वान नदीकाठी ब्लफ नावाचे गाव आहे. बायकोचे आजोळ तिथले. तिची पणजी दोन वर्षांची असताना घोडागाडीत बसून तिथे आली होती. खापरांची बरणी मात्र पणजोबांची. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मेंढ्या चारताना वाळूत जे सापडे ते त्यांनी खिशात घालून घरी आणले होते.

युटामध्ये दर वर्षी २४ जुलैला सार्वजनिक सुट्टी असते. १८४७ साली मॉर्मन पंथाची पहिली मंडळी या राज्यात पोहोचली, त्याची ती आठवण. त्या दिवशी मिरवणुका निघतात आणि घोडागाड्या सजवतात. बायको लहानपणी अशा मिरवणुकीत टोपडे घालून बसली होती. 'आपली माणसे इथली पहिली,' हे तिने घरात आणि शाळेत ऐकले होते. त्याबद्दल तिला कधी शंका आली नव्हती.

दगडातले भोक

पूर्वजांची वाट एस्कलांटे या गावापासून सुरू होते. तिथून आग्नेयेला जाणारा रस्ता कच्चा आहे. सुमारे शंभर किलोमीटर धूळ, खडी आणि धुण्याच्या फळीसारख्या आडव्या खाचा. शेवटचे काही किलोमीटर तर जीपशिवाय जाताच येत नाही. गाडी इतकी खडखडत होती की बोलणे अशक्य झाले. नवऱ्याला वाटले वेग कमी करावा, बायकोला वाटले वाढवावा. शेवटी बरणी पडेल म्हणून तिने ती मांडीवर घेतली आणि वाद मिटला.

१८७९ च्या अखेरीस सुमारे अडीचशे माणसे, ऐंशीहून अधिक घोडागाड्या आणि हजारांवर गुरे घेऊन याच दिशेने निघाली होती. सान वान नदीकाठी वसाहत करा, असा पंथाचा आदेश होता. सहा आठवड्यांत पोहोचू, असा त्यांचा हिशेब होता. प्रत्यक्षात जवळजवळ सहा महिने लागले.

वाटेत वाळूच्या दगडाचे एक प्रचंड, कमानीसारखे खोलगट अंगण लागते. त्याचे नाव 'डान्स हॉल रॉक'. जवळच्या झऱ्यापाशी मुक्काम असताना थंडीच्या संध्याकाळी ही मंडळी तिथे व्हायोलिनच्या सुरावर नाचत. पुढचा रस्ता आहे की नाही, हेही तेव्हा नक्की नव्हते. नवरा हसून म्हणाला, "आपण तर साध्या खाचांवरून भांडलो."

रस्ता संपतो तिथे कोलोरॅडो नदीचा कडा आहे. कड्याला एक अरुंद कपार. तिलाच 'होल इन द रॉक', दगडातले भोक, म्हणतात. त्या वेळी नदी सुमारे हजार फूट खाली होती. पुरुषांनी सहा आठवडे छिन्नी, हातोडा आणि सुरुंगाची दारू वापरून ही कपार गाडी जाईल एवढी रुंद केली. खाली एका ठिकाणी वाट काढायला जागाच नव्हती. तिथे वेल्समधल्या कोळशाच्या खाणीत काम केलेल्या बेंजामिन पर्किन्स यांनी खडकात भोके पाडून लाकडी खुंट्या ठोकल्या आणि त्यांवर ओंडके, झुडपे, दगड रचून रस्ता लटकवला. २६ जानेवारी १८८० रोजी पहिल्या गाड्या उतरल्या. मागची चाके साखळीने जखडलेली, आणि मागून दोर धरून माणसे गाडीला ओढून धरत होती.

सगळ्यात शेवटची गाडी होती जोसेफ स्टॅनफर्ड स्मिथ आणि त्यांची पत्नी अराबेला यांची. सगळे तिला बेल म्हणत. जोसेफ दिवसभर इतरांच्या गाड्या उतरवायला खाली मदत करत होते. संध्याकाळ होत आली तेव्हा लक्षात आले की आपली गाडी वरच राहिली आहे आणि मदतनीस खाली निघून गेले आहेत. नवरा-बायकोने ठरवले, आपणच उतरवू. बर्फात गोधडी अंथरून त्यांनी तिन्ही मुलांना कड्यावर बसवले. तीन वर्षांच्या मुलाच्या दोन्ही पायांमध्ये तान्हे बाळ ठेवले आणि बजावले, "बाबा येईपर्यंत हलायचे नाही." जोसेफने लगाम हाती घेतला. बेलने गाडीमागे बांधलेल्या घोड्याचा दोर धरला. तो घोडा कोसळला, फरफटला आणि त्याच्याबरोबर बेलही. गाडी खाली थांबली तेव्हा तिच्या पायाला टाचेपासून मांडीपर्यंत जखम होती. जोसेफ धावत वर गेले. मुले जागची हलली नव्हती.

ही हकीकत त्या कुटुंबाच्या आठवणींतून जपली गेली आहे. बायकोने ती आजीकडून ऐकली होती. कपारीच्या तोंडाशी उभी राहून ती पहिल्यांदाच म्हणाली, "लहानपणी मला ही शौर्याची गोष्ट वाटायची. आज त्या मुलांकडेच मन जाते. घोड्याच्या जागी बेल दगडाखाली सापडली असती तर?"

नवऱ्याने उत्तर दिले नाही. कपारीचा खालचा भाग आता पाण्याखाली गेला आहे. १९६३ मध्ये ग्लेन कॅन्यन धरणाने नदी अडवली आणि इथे पॉवेल सरोवर तयार झाले.

वळसा

पूर्वजांनी इथे नदी तराफ्यावरून ओलांडली. आज मोटारीला पलीकडे जायला उलट फिरून, उत्तरेकडून वळसा घालून सुमारे चारशे किलोमीटर जावे लागते. दुसऱ्या दिवशी दोघे त्या वळशाने निघाले.

ब्लफच्या अलीकडे ९५ क्रमांकाच्या हमरस्त्यालगत एक टेकडी लागते, 'सॅल्व्हेशन नॉल'. पुढची वाट शोधायला गेलेले चौघे जण १८७९ च्या नाताळच्या दिवशी उपाशीपोटी, रस्ता चुकून या टेकडीवर चढले आणि त्यांना ओळखीचे निळे डोंगर दिसले. बायकोने इथे फोटो काढून घेतला.

तिथून जवळच म्यूल कॅन्यन नावाची घळ आहे. तासाभराची पायपीट केली की एका कड्याच्या पोटात दगड-मातीची छोटी कोठारे दिसतात. सकाळच्या उन्हाचा परावर्तित प्रकाश पडला की वरच्या खडकावरचे पट्टे ज्वाळांसारखे पेटलेले भासतात. म्हणून या जागेला 'हाउस ऑन फायर', जळते घर, म्हणतात. या कोठारांत मका साठवत असत. ती बांधून सातशे वर्षांहून अधिक काळ लोटला आहे.

या भागातल्या अनेक भिंतींच्या गाऱ्यात बांधणाऱ्यांच्या बोटांचे ठसे अजून शाबूत आहेत. कड्याखाली पाऊस पोहोचत नाही आणि हवा कोरडी, म्हणून ते टिकले. मका दळायचे दगडही सापडतात. खालचा खोलगट झिजलेला, वरचा हातात मावणारा. आपल्या पाट्या-वरवंट्याचेच भाऊबंद. बायको परिचारिका. माणसाची हाडे पाहून त्याने कोणते काम केले हे सांगता येते, हे तिला माहीत. ती म्हणाली, "रोज गुडघ्यांवर बसून असे दळायचे म्हणजे त्या बायकांच्या पाठी काय दुखत असतील!"

टेकडीवर दोघांची घरे

६ एप्रिल १८८० रोजी थकलेली मंडळी नदीकाठच्या सपाटीवर पोहोचली. शेवटच्या सान वान टेकडीवर गाडीला घोड्यांच्या सात-सात जोड्या जुंपाव्या लागल्या होत्या. ठरलेले ठिकाण अजून पुढे होते, पण कोणाच्या अंगात त्राण उरले नव्हते. तिथेच ब्लफ वसले. वाकड्यातिकड्या कॉटनवुडच्या ओंडक्यांच्या खोल्या चौकोनात, दारे आतल्या बाजूला, असा कोट बांधला. त्यातली एकच मूळ खोली आज उभी आहे. बाकीच्या वंशजांनी पुन्हा बांधल्या आहेत. नदीने कालवे पुन्हा पुन्हा वाहून नेले, शेती साधेना, म्हणून बरीच कुटुंबे पुढे मॉन्टिसेलो आणि ब्लँडिंगकडे निघून गेली. ब्लफची वस्ती आजही काही शेकड्यांचीच आहे.

गावाच्या वर टेकडीवर स्मशानभूमी आहे. पणजीची कबर सापडली. बायकोने रानफुले ठेवली आणि बराच वेळ उभी राहिली. नवरा मात्र कुंपणाच्या पलीकडे पाहत होता. तिथे दगड-मातीचा एक मोठा उंचवटा होता.

"हे काय आहे, माहीत आहे?" त्याने विचारले. "पुएब्लो लोकांच्या पूर्वजांचा वाडा. अकराव्या-बाराव्या शतकातला. तुझी पणजी इथे आली तेव्हा तो पडून सहाशे वर्षे झाली होती."

बायको एकदा उंचवट्याकडे, एकदा कबरीकडे पाहत राहिली. गाव वसवायला पूर्वजांनी जी जागा निवडली, तीच दुसऱ्या कोणी आठशे वर्षांपूर्वी निवडली होती. पाणी जवळ, जमीन सपाट, लांबवर नजर जाते. आणि १८८० मध्येही हा मुलूख रिकामा नव्हता. नदीपलीकडे नाव्हाहो होते, अलीकडे यूट आणि पायूट लोक फिरत होते.

"आजीने हे कधी सांगितले नाही," ती म्हणाली.

"तिलाही कोणी सांगितले नसेल," नवरा म्हणाला.

ओसाड दरी

तिसऱ्या दिवशी दोघे होव्हनवीपला गेले. यूट भाषेत या नावाचा अर्थ 'ओसाड दरी'. १९२३ पासून हे राष्ट्रीय स्मारक आहे. उथळ दरीच्या काठावर दगडी बुरूज उभे आहेत. कोणी चौकोनी, कोणी गोल, एखादा तर एकाच मोठ्या शिळेवर तोलून बांधलेला. बहुतेक १२०० ते १३०० या काळातले. ते टेहळणीसाठी होते, धान्यासाठी की सूर्य पाहून पेरणीचा काळ ठरवण्यासाठी, यावर अभ्यासकांचे एकमत नाही. पण ते सगळे झऱ्यांच्या आसपास आहेत, एवढे कोणालाही दिसते.

१२७६ ते १२९९ अशी तेवीस-चोवीस वर्षे इथे मोठा दुष्काळ होता. जुन्या लाकडातल्या वर्तुळांवरून तो कळतो. ओल्या वर्षी वर्तुळ रुंद, कोरड्या वर्षी अरुंद. त्या शतकाच्या अखेरीस माणसे दक्षिणेकडे निघून गेली. ती नाहीशी झाली नाहीत. ॲरिझोनातले होपी, न्यू मेक्सिकोतले झुनी आणि रिओ ग्रांदे नदीकाठच्या पुएब्लो वस्त्यांतली माणसे त्यांचीच वंशज आहेत. या पडक्या घरांना ते 'अवशेष' मानत नाहीत, पूर्वजांचे घर मानतात.

बायकोने तिथल्या महिला वनरक्षकाला बरणी दाखवली आणि विचारले, "ही इथे कुठेतरी ठेवून देऊ का?"

"कृपा करून तसे करू नका," ती शांतपणे म्हणाली. "खापराचे मोल त्याच्या जागेत असते. कोणत्या भिंतीपाशी, कोणत्या थरात सापडले, यावरून ते बोलते. तुम्ही ते भलत्या ठिकाणी टाकले तर उद्या कोणी अभ्यासक फसेल."

बायकोचा चेहरा पडला. पणजोबांनी चोरी केली नव्हती. प्राचीन वस्तूंच्या रक्षणाचा कायदा १९०६ मध्ये झाला, त्यापूर्वीची ही गोष्ट. पण खिशात घातलेल्या प्रत्येक तुकड्याबरोबर त्यांनी नकळत एक पत्ता पुसून टाकला होता, आणि आता तो परत लिहिता येणार नव्हता.

गाडीत बसल्यावर ती म्हणाली, "म्हणजे परत देण्याची वेळसुद्धा निघून गेली."

"सगळीच नाही," नवरा म्हणाला. "आजोबा मेंढ्या कुठे चारायचे, ते तुला ठाऊक आहे ना?"

ठाऊक होते. आजी सांगत असे, कोंब रिजच्या लांबलचक कण्याच्या पूर्वेला, कोरड्या ओढ्याच्या काठाने. त्या रात्री मोटेलच्या खोलीत तिने एका कागदावर आठवेल ते सगळे लिहिले. पणजोबांचे नाव, अंदाजे साल, ओढा, आजीने सांगितलेला एक उभा लाल खडक. नवरा नकाशा उघडून शेजारी बसला. दोघांचे एका नावावरून पुन्हा थोडे भांडण झाले, पण कागद पूर्ण झाला.

दुसऱ्या दिवशी ब्लँडिंगच्या 'एज ऑफ द सीडर्स' संग्रहालयात ती बरणी त्यांनी सोपवली. तिथे याच लोकांच्या मातीच्या भांड्यांचा मोठा संग्रह आहे. मागच्या अंगणात जुनी वस्ती असून शिडीने जमिनीखालच्या गोल खोलीत उतरता येते. शाळेच्या मुलांना हात लावून पाहायला ही खापरे उपयोगी पडतील, असे तिथल्या बाईंनी सांगितले. कागद मात्र त्यांनी दोनदा वाचला आणि जपून वेगळा ठेवला.

परतीच्या वाटेवर मागच्या सीटवर नुसत्या दोन उशा होत्या. बरेच अंतर गेल्यावर बायको म्हणाली, "येत्या जुलैत नातवंडांना बेलची गोष्ट सांगणार आहे. पण सुरुवात टेकडीवरच्या त्या वाड्यापासून करीन."

नवऱ्याने मान हलवली आणि वेग थोडा कमी केला. रस्ता आता गुळगुळीत होता, पण घाई कोणालाच नव्हती.