घरी घडवलेले यंत्र

सायकलचे दातेरी चक्र, पाण्याच्या पंपाचा दांडा, शिवणयंत्राचे सुटे भाग या सर्व वस्तू यंत्रांवर घडतात. मग ती यंत्रे कशावर घडतात? यंत्रांचे भाग घडवणाऱ्या यंत्रांना ‘यंत्रांची जननी’ म्हटले जाते. लेथ आणि मिलिंग यंत्र ही त्यांतील दोन प्रमुख यंत्रे होत. लेथवर वस्तू फिरते आणि हत्यार तिला कापते. मिलिंग यंत्रावर वस्तू टेबलाला घट्ट बांधलेली असते आणि फिरणारे हत्यार तिला आकार देते. हत्यार कोठे व किती वेगाने न्यायचे, हे कारागिराच्या हाताऐवजी संगणक ठरवू लागला, की त्या यंत्राला सीएनसी यंत्र म्हणतात.

अंकांच्या आज्ञेवर चालणाऱ्या मिलिंग यंत्राचे प्रात्यक्षिक अमेरिकेतील एमआयटी या विख्यात संस्थेत १९५२ साली झाले. पुढच्याच वर्षी, १९५३ मध्ये, भारत सरकारने बंगळुरू येथे हिंदुस्थान मशीन टूल्स, म्हणजेच एचएमटी, हा उद्योग स्थापन केला. मनगटी घड्याळांमुळे हे नाव घरोघरी पोचले. पण त्याचे मूळ काम लेथसारखी यंत्रे घडवण्याचे होते. १९६२ साली याच शहरात यंत्रनिर्मितीच्या संशोधनासाठी एक केंद्रीय संस्थाही सुरू झाली. पुढे पीण्या औद्योगिक वसाहतीत असंख्य लहानमोठे कारखाने उभे राहिले. अशा शहरात एखाद्या तरुणाने घरातल्या खोलीत सीएनसी मिलिंग यंत्र बांधायचे ठरवले, तर एस. पी. रोडवरच्या दुकानांत त्याला सुटे भाग मिळतात आणि अडले तर विचारायला जाणकारही भेटतात.

तयार यंत्र विकत मिळत असताना हा खटाटोप कशासाठी, असा प्रश्न अनेकदा विचारला जातो. आक्षेप अगदीच गैर नाही. घरचे यंत्र कारखान्यातल्या यंत्राची बरोबरी करू शकत नाही. वेळेचाही हिशेब धरला तर ते स्वस्त पडतेच असे नाही. तरीही ते बांधण्यात एक मोठा लाभ आहे. चूक कोठे झाली हे शोधण्याची आणि ती मोजण्याची सवय त्यातून लागते.

उदाहरण घ्यावे. अशा यंत्रात सामान्यतः वापरली जाणारी स्टेपर मोटर एका फेऱ्यात २०० पावले टाकते. तिला जोडलेला स्क्रू एका फेऱ्यात टेबल ५ मिलिमीटर सरकवत असेल, तर एका पावलाला टेबल केवळ ०.०२५ मिलिमीटर सरकते. कागदावर ही अचूकता थक्क करणारी वाटते. प्रत्यक्षात अॅल्युमिनियमचा पहिला तुकडा कापताना वेगळाच अनुभव येतो. स्क्रू आणि नट यांच्यात जराशी ढिलाई असली, तर दिशा बदलताना मोटर फिरते, पण टेबल क्षणभर जागचे हलत नाही आणि वर्तुळ विद्रूप होते. सांगाडा लवचीक असला, तर हत्यार थरथरते आणि कापलेल्या पृष्ठभागावर लाटा उमटतात. कारखान्यातील यंत्रांची बैठक बिडाच्या जड ओतकामाची का असते, याचा उलगडा तेव्हा होतो. जड बैठक सहजी वाकत नाही आणि बीड कंपने शोषून घेते.

यंत्राचे दोन अक्ष एकमेकांशी काटकोनात आहेत की नाहीत, हे पाहण्याची एक साधी रीत आहे. १०० मिलिमीटर बाजूचा चौरस कापावा आणि त्याचे दोन्ही कर्ण मोजावेत. ते सारखे, म्हणजे सुमारे १४१.४ मिलिमीटर भरले, तर काटकोन साधला. एक कर्ण मोठा व दुसरा लहान निघाला, तर अक्ष तिरके आहेत. घराचा पाया आखताना गवंडी हेच करतो. त्याने अनुभवातून मिळवलेले ज्ञान आणि अभियंत्याचे भूमितीचे ज्ञान येथे एकच ठरते.

यंत्राचा संगणकीय मेंदू आता सहज मिळतो. २००५ साली इटलीत ‘आर्डुइनो’ हे छोटे इलेक्ट्रॉनिक फलक तयार झाले. त्यावर चालणारे आणि सर्वांना खुले असलेले ‘ग्रबल’ हे सॉफ्टवेअर २००९ पासून उपलब्ध झाले. शरीर मात्र मोजून, कापून, जुळवूनच बांधावे लागते. आराखडा काढणारा आणि कानस चालवणारा हे दोघे समाजाने फार काळ वेगळे ठेवले. एकाला मान मिळाला, दुसऱ्याला केवळ मजुरी. घरी यंत्र बांधणाऱ्याला ही दोन्ही कामे करावी लागतात. त्यामुळे कोणतेही काम हलके नाही, हे त्याला उपदेशाविनाच पटते. अर्थात हा खेळ नव्हे. डोळ्यांवर चष्मा, अंगावर घट्ट कपडे आणि हाताशी यंत्र तत्काळ थांबवणारे बटण ही शिस्त पाळलीच पाहिजे.

ही संधी केवळ मोठ्या शहरासाठी नाही, याचा दाखला महाराष्ट्रात आहे. पुणे जिल्ह्यातील पाबळ या गावी डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला. शाळा सुटलेल्या मुलामुलींनी हाताने काम करत विज्ञान शिकावे, हा त्यामागील विचार होता. ज्या एमआयटीत १९५२ साली ते पहिले प्रात्यक्षिक झाले, तिच्याच सहकार्याने २००२ साली पाबळला ‘फॅब लॅब’ ही आधुनिक कार्यशाळा उभी राहिली.

प्रत्येकाच्या घरी यंत्रासाठी खोली असणार नाही. म्हणून तालुक्यातील औद्योगिक प्रशिक्षण संस्थांनी आपल्या कार्यशाळा संध्याकाळी परिसरातील होतकरूंसाठी, जाणकाराच्या देखरेखीखाली, खुल्या कराव्यात. तेथे येणाऱ्याला आधी पदवी विचारू नये. त्याने काय बनवायचे ठरवले आहे, ते विचारावे. त्याचा पहिला चौरस तिरका निघेल. तो तिरका का निघाला, हे शोधून त्याने दुसरा कापला, की त्याचे शिक्षण सुरू झाले असे समजावे.