प्रेमाच्या नावाने चालणारा धंदा ओळखा!

“शिकलेली बाई असून फसली कशी?”, “या वयात कशाला हवे होते हे चाळे?” इंटरनेटवरून लग्नाचे आमिष दाखवून कुणाला लुबाडल्याची बातमी आली की असे प्रश्न विचारणाऱ्यांची आपल्याकडे कमतरता नसते. फसवणाऱ्याला मात्र कुणी प्रश्न विचारीत नाही. चोर मोकळा आणि बळी आरोपीच्या पिंजऱ्यात! लुबाडणाऱ्या टोळ्यांचे खरे भांडवल हेच आहे. लाजेपोटी माणूस तक्रार करणार नाही, याची त्यांना पक्की खात्री असते.

हा एकट्यादुकट्याचा खेळ नाही, संघटित धंदा आहे. विधवा, घटस्फोटित, निवृत्त, एकटे राहणारे, पुनर्विवाहासाठी विवाहसंस्थांच्या संकेतस्थळांवर नाव नोंदवणारे यांना हेरून सावज केले जाते. समोरचा लंडनचा डॉक्टर असतो, अमेरिकन सैन्यातला अधिकारी असतो, नाहीतर जहाजावरचा इंजिनिअर. दोन दिवसांत तो संकेतस्थळ सोडून व्हॉट्सअॅपवर यायला सांगतो. आठवड्यात लग्नाचे वचन देतो. भेटीची गोष्ट काढली की दर वेळी नवी अडचण उभी राहते. आणि “आपले आत्ताच घरी सांगू नकोस,” असे तो बजावतो. हे शेवटचे वाक्य ऐकले की सावध व्हा! लग्नच करायचे आहे, तर ते नातेवाईकांपासून लपवायचे कशाला?

पुढचा डाव ठरलेला असतो. परदेशातून दागिने, डॉलर्सची भेट पाठवल्याचे तो सांगतो आणि मग ‘विमानतळावरील कस्टम अधिकाऱ्या’चा फोन येतो. आधी शुल्क, मग दंड, मग प्रमाणपत्राची फी. लक्षात ठेवा, सीमाशुल्क विभाग कुणाच्या खासगी खात्यात पैसे भरायला सांगत नाही. दुसरा डाव गुंतवणुकीचा. प्रेमाच्या गप्पांतून आभासी चलनाचा विषय निघतो. सुरुवातीला थोडा नफा हातात दिला जातो. मोठी रक्कम गुंतली की ती काढण्यासाठी ‘कर भरा’ म्हणतात. तिसरा डाव व्हिडिओ कॉलवर कपडे उतरवायला लावून धमकावण्याचा. इथे पैसे दिल्याने धमकी थांबत नाही, मागणी वाढते. आणखी एक डाव म्हणजे “तुझ्या खात्यात पैसे येतील, ते पुढे पाठव.” ते पैसे दुसऱ्या कुणाच्या लुटीचे असतात आणि पोलीस तुमच्या दारात येतात. आता तर कृत्रिम बुद्धिमत्तेने चेहरा आणि आवाजही बदलता येतो. तेव्हा व्हिडिओ कॉलवर दिसला म्हणजे माणूस खरा, असे मानण्याचे दिवस गेले. प्रत्यक्ष भेट, तीही घरच्यांसमक्ष, होण्याआधी एक रुपयाही देऊ नये.

या धंद्याची दुसरी बाजूही आपल्या तरुणांनी समजून घ्यावी. संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयाने ऑगस्ट २०२३ मध्ये दिलेल्या अहवालानुसार म्यानमारमध्ये किमान १ लाख २० हजार आणि कंबोडियात सुमारे १ लाख लोकांकडून जबरदस्तीने ऑनलाइन फसवणूक करून घेतली जात असावी. नोकरीच्या आमिषाने तिथे नेलेल्या शेकडो भारतीयांना मार्च २०२५ मध्ये सरकारला विमानाने परत आणावे लागले. म्हणजे प्रेमाचे संदेश लिहिणारा हात कधी कधी एखाद्या बेकार, कोंडून ठेवलेल्या पोराचा असतो. मालक मात्र दोघांनाही लुटून नामानिराळा राहतो. थायलंडमधील डेटा एंट्रीच्या मोठ्या पगाराची जाहिरात दिसली तर तीही याच चिकित्सक नजरेने तपासा.

आणि फसवणूक झालीच तर? रडत बसू नका, वेळ घालवू नका. १९३० या क्रमांकावर ताबडतोब फोन करा, बँकेला कळवा. पैसे एका खात्यातून दुसऱ्या खात्यात पळण्यापूर्वी गोठवता आले तरच परत मिळण्याची आशा असते. संदेश, क्रमांक, पावत्या पुसू नका. तोच पुरावा आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६-ड नुसार तोतयेगिरी करून फसवणाऱ्याला ३ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पण तक्रारच झाली नाही, तर कायदा काय करणार?

म्हणून जबाबदारी आपल्यावरही आहे. महिला मंडळांत, वस्तीच्या बैठकांत, निवृत्तांच्या मेळाव्यांत हा विषय उघडपणे बोलला गेला पाहिजे. जोडीदार हवा असे वाटणे हा गुन्हा नाही. एखाद्याच्या एकटेपणाचा बाजार मांडणे हा गुन्हा आहे. फसलेल्या भगिनीला हसण्याऐवजी तिच्यासोबत पोलीस ठाण्याची पायरी चढा. तिची लाज गेली, की या टोळ्यांचे अर्धे बळ संपले!