रस्त्यावरची नजर आणि रस्त्याची नोंद

राज्याच्या वाहतूक पोलीस विभागाने जुलै २०२५ मध्ये काढलेले एक परिपत्रक वरवर पाहता किरकोळ प्रशासकीय स्वरूपाचे होते. नियमभंग करणाऱ्या वाहनांची छायाचित्रे कर्मचाऱ्यांनी आपल्या खासगी मोबाइलवर काढू नयेत, एवढाच त्याचा आशय. अशी छायाचित्रे काढून ठेवावयाची आणि मागाहून सवडीने ई-चलनाच्या यंत्रणेत चढवावयाची, ही रीत पडून गेली होती व तिच्याविरुद्ध वाहनधारकांच्या तक्रारी होत्या. पण या आदेशाने एक मोठा प्रश्न पुढे आणला आहे. शहरात धावणाऱ्या वाहनाचे छायाचित्र कोणी घ्यावे, ते कोणापाशी राहावे आणि कोणत्या कामी यावे?

मुंबईत २०१६ साली रस्तोरस्ती कॅमेऱ्यांचे जाळे उभे राहिले. तेव्हापासून वांद्र्याच्या एखाद्या मोठ्या चौकातून जाणारी गाडी दिवसातून कितीदा टिपली जाते, याची गणती तिच्या मालकालाही नसते. ही नजर मुळातच वाईट, असे म्हणण्याचे कारण नाही. सिग्नल तोडणाऱ्या मोटारीखाली सापडणारा बहुधा पायी चालणाराच असतो, आणि त्याचा कैवार घेण्यास पुरावा लागतो. मात्र दंडाची पावती हातात पडणाऱ्या रिक्षाचालकाला ते छायाचित्र कोणी, केव्हा आणि कोणत्या उपकरणाने काढले हे विचारण्याचा अधिकार असलाच पाहिजे. एका दंडात त्याची दिवसाची कमाई जाते.

उलट बाजू अशी की, हाच रस्ता एखाद्या विद्यार्थ्याने कॅमेऱ्यात धरू म्हटले की पहारेकऱ्यापासून हवालदारापर्यंत सारे त्याला हटकतात. सार्वजनिक रस्त्यावरील गाडीचे छायाचित्र घेण्यास सर्वसाधारण कायद्याची बंदी नाही. १९२३ च्या शासकीय गुपितांच्या कायद्याने निषिद्ध ठरविलेल्या जागा तेवढ्या वेगळ्या. पाली हिलवर नटनट्यांच्या मोटारींच्या काचांवर मध्यरात्री झोत टाकणाऱ्यांचा मात्र धंदा बिनघोर चालतो!

या संशयाची किंमत शहराने मोजली आहे. ट्राम ३१ मार्च १९६४ रोजी थांबली. १९३७ पासून धावणारी दुमजली बस, निदान डिझेलवरची, १५ सप्टेंबर २०२३ रोजी अंधेरीच्या मार्गावर शेवटची धावली. त्यानंतर दीड महिन्यात वीस वर्षांच्या वयोमर्यादेमुळे प्रीमियर पद्मिनी टॅक्सीही रस्त्यावरून बाद झाली. त्या वेळी निरोपाची छायाचित्रे पुष्कळ निघाली. पण ती हार घातलेल्या, सजविलेल्या गाड्यांची. डावीकडे बाहेर बसविलेला यांत्रिक मीटर, त्याचा दांडा खाली करताना होणारा खट्ट आवाज, टपावरच्या कॅरिअरला दोरीने बांधलेल्या वळकट्या आणि ट्रंका, हे सारे रोजचे होते. म्हणूनच ते टिपावे असे कोणास वाटले नाही.

वांद्रे हे अशा नोंदीचे खरे तर आदर्श ठिकाण. १८४५ साली माहीमची खाडी बांधाने जोडली गेली, तरी वाहनांच्या दृष्टीने ती सीमा आजही शाबूत आहे: रिक्षाने उपनगरातच राहावे, टॅक्सीने दोन्हीकडे जावे. खाडीच्या अलीकडे रिक्षातून उतरून पिशव्या सावरीत टॅक्सीला हात करणारे कुटुंब हे मुंबईच्या वाहतूकधोरणावरील एक बोलके भाष्य आहे. नंबरपट्टीवरची अक्षरे पाहून जाणकार काळ ठरवू शकतो. १९८९ नंतरची ‘एमएच-०२’ ही खूण त्याआधीच्या चित्रात सापडणार नाही. भाडे, इंधन, गर्दी, दुकानांच्या पाट्या असे कितीतरी एका साध्या चित्रातून वाचता येते. २००९ साली खुल्या झालेल्या सागरी सेतूचे चित्र मात्र दिनदर्शिकांवर सर्वत्र दिसते, आणि त्यावर रिक्षाला नि दुचाकीला प्रवेशच नाही.

कॅमेऱ्याची आणखी एक खोड आहे. ज्याला नंबर आहे, त्यालाच तो ओळखतो. वांद्रे पूर्वेला स्थानकातून उतरून न्यायालय, उपनगर जिल्हाधिकारी कार्यालय, म्हाडाचे गृहनिर्माण भवन गाठणाऱ्या कारकुनांचा आणि अर्जदारांचा लोंढा कोणत्याच चलनात येत नाही. त्यांच्यासाठी २००८ साली शहरातील पहिला स्कायवॉक याच बाजूला बांधला गेला. २०१९ मध्ये तो बंद करावा लागला आणि पुढे पाडला गेला. रिक्षांच्या रांगेतून वाट काढणाऱ्या माणसांची त्या वर्षांतील छायाचित्रे महिनोन्‌महिने क्रमाने घेतली गेली असती, तर नवा पूल किती रुंद हवा, हे ठरविण्यास ती कोणत्याही अहवालाइतकी उपयोगी पडली असती.

हे काम अद्यापि अशक्य नाही. ‘बेस्ट’चे संग्रहालय आणिक आगारात आहेच. वांद्र्यातील महाविद्यालयांनी दरवर्षी ठरावीक दिवशी स्थानकाच्या दोन्ही बाजू, हिल रोड व कॉजवे टिपून, दिनांक आणि ठिकाण लिहून ती चित्रे तिथे द्यावीत. अशा विद्यार्थ्यांना हटकू नये, असे एक परिपत्रक पोलिसांनी काढल्यास खर्च फक्त कागदाचा येईल.