गर्भवतीचे यकृत आणि शासनाचे कर्तव्य

२८ जुलै १९२८ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर मुंबईच्या विधिमंडळात प्रसूती लाभ विधेयकाच्या बाजूने बोलले. बाळंतपणात मातेला विश्रांती मिळणे राष्ट्राच्या हिताचे आहे आणि त्याचा भार मुख्यत्वे शासनाने उचलावा, ही त्यांची भूमिका होती. योगायोगाने २८ जुलै हाच जागतिक हिपॅटायटिस दिन. याच दिवशी २०१८ साली मोफत तपासणी व औषधांचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. ताडीवाला रोडच्या, दांडेकर पुलाच्या वस्तीतील गर्भवतीपर्यंत तो पोहोचतो काय, हा आमचा सवाल आहे.

हिपॅटायटिस बी आईला न कळता तिच्या रक्तात वर्षानुवर्षे राहतो आणि प्रसूतीच्या वेळी बाळाला लागतो. अशा दर १० बाळांपैकी सुमारे ९ जणांत तो कायमचा मुक्काम ठोकतो आणि पुढे सिरॉसिस वा यकृताचा कर्करोग होऊ शकतो. हे टाळता येते. गरोदरपणात रक्ततपासणी, विषाणू जास्त असल्यास २८व्या आठवड्यापासून टेनोफोविरची गोळी, बाळाला २४ तासांत लस व इम्युनोग्लोब्युलिन, एवढेच लागते. मग रविवारी जन्मलेल्या बाळाची लस सोमवारवर का ढकलायची?

सिरॉसिस असलेल्या गर्भवतीच्या अन्ननलिकेतील फुगलेल्या शिरा फुटून जीव जाऊ शकतो. म्हणून मधल्या तिमाहीत दुर्बिणीने तपासणी करतात. गरोदरपणात यकृताचा कर्करोग विरळा, पण सोनोग्राफीने तो निर्धोकपणे शोधता येतो. अशा रुग्णाला प्रसूतितज्ज्ञ व यकृततज्ज्ञ एकाच छताखाली हवेत. गरिबाला ससूनखेरीज दार कोणते? धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धनांना मोफत आणि १० टक्के दुर्बलांना सवलतीत देणे कायद्याने बंधनकारक आहे. तातडीचे उपचार नाकारणे हा सरकारी रुग्णालयाकडून जगण्याच्या हक्काचा भंग ठरतो, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ सालीच बजावले आहे. ही भीक नव्हे, हक्क आहे.

आणि घरातल्या शिवाशिवीचे काय? हा रोग सोबत जेवल्याने पसरत नाही. लस दिलेल्या बाळाला आई अंगावर पाजू शकते. तरीही सुनेचे ताट वेगळे होते. ज्यांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, त्यांच्या घरात सुनेचा पेला वेगळा ठेवला जाणार काय?

वस्तीतील महिला मंडळांनी प्रत्येक गर्भवतीचे कार्ड पाहावे. हिपॅटायटिसची तपासणी झालेली नसेल तर तिला एकटीला पाठवू नये, सोबत जावे. खाट नाकारली तर नकार लेखी मागावा आणि धर्मादाय आयुक्तांकडे तक्रार करावी. कायदा आपल्या बाजूने आहे. तो वापरणारे हात हवेत.