कुंपणच शेत खाते तेव्हा!

बिहारमधील मुझफ्फरपूरच्या बालिकागृहाचे प्रकरण आज कितीजणांच्या स्मरणात आहे? मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेच्या 'कोशिश' पथकाने बिहारमधील निवारागृहांची पाहणी केली आणि २०१८ साली अहवाल दिला, तेव्हा तीसहून अधिक मुलींवरील अत्याचार उघडकीस आले. समाजकल्याण मंत्र्यांना राजीनामा द्यावा लागला. २०२० मध्ये दिल्लीच्या न्यायालयाने १९ जणांना दोषी ठरवले. संस्थाचालक ब्रजेश ठाकूर याला मरेपर्यंत जन्मठेप झाली. दोषींमध्ये बालकल्याण समितीचा अध्यक्ष होता, बाल संरक्षण अधिकारीही होता. ज्यांच्याकडे मुलींनी तक्रार करायची, तेच अत्याचार करणारे! कुंपणच शेत खात असेल तर दाद कोणाकडे मागायची?

कायद्यात उणीव आहे असे नाही. २०१५ च्या बाल न्याय कायद्यानुसार मुलाला संस्थेत ठेवणे हा शेवटचा उपाय आहे. कलम ४४ प्रमाणे मूल प्रतिपालक कुटुंबात ठेवता येते. केंद्राने २०२४ मध्ये या योजनेचे नियम सुधारले. पूर्वी केवळ विवाहित जोडप्यांना मूल सांभाळता येत होते, आता अविवाहित, विधवा, घटस्फोटित व्यक्तींनाही येते. याचे आम्ही स्वागत करतो. पण घराची भिंत ही संस्थेच्या भिंतीइतकीच जाड असते. सांभाळायला म्हणून नेलेले मूल धुणीभांडी करत नाही ना, त्याचे ताट वेगळे मांडले जात नाही ना, हे कोण पाहणार? जातीने पोखरलेल्या समाजात हा प्रश्न काल्पनिक नाही.

त्याहून मूळ प्रश्न वेगळाच आहे. आमच्या वस्त्यांतील, तांड्यांवरील किती मुले खरोखर अनाथ असतात? बाप गेलेला असतो, पण आई जिवंत असते. तिच्याकडे माया आहे, मजुरी नाही. महाराष्ट्राच्या बालसंगोपन योजनेला २०२३ मध्ये क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले यांचे नाव दिले गेले आणि दरमहा २२५० रुपये ठरले. ही रक्कम वेळेवर आईच्या हाती पडली, तर अनेक मुलांना घर सोडावेच लागणार नाही. गरिबी हा आईचा गुन्हा नव्हे.

आता थोडे आत्मपरीक्षण. बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२५ साली सोलापुरात वसतिगृह काढले. वसतिगृह हा आमच्या चळवळीचा अभिमान आहे. म्हणूनच आज आमच्या कार्यकर्त्यांच्या नावावर असलेल्या वसतिगृहांचीही दारे उघडी हवीत. कायद्याने तपासणी समितीने दर तीन महिन्यांनी बालगृहांना भेट द्यायची आहे. त्या समितीत एक महिला आणि एक वैद्यकीय अधिकारी असणे बंधनकारक आहे. आपल्या वसतिगृहांना हाच नियम आपणहून का लावू नये? पोक्सो कायद्यानुसार अत्याचार माहीत असून दडवणे हा गुन्हा आहे. 'संस्थेची बदनामी होईल' ही सबब तेथे चालत नाही. चळवळीतही चालता कामा नये.

बांधवांनो, बालगृहाला देणगी देऊन फोटो काढणे सोपे आहे. या महिन्यात जवळच्या वसतिगृहात जा. मुलांशी चालकाच्या गैरहजेरीत बोला. १०९८ हा क्रमांक भिंतीवर लिहिलेला आहे का, तो लावायला तेथे फोन आहे का, ते पाहा. मूल बोलले, तर आधी त्याच्यावर विश्वास ठेवा. चालक आपल्या जवळचा असला तरी.